कृत्रिम मूत्रपिंड आणि खरें हृदय

वैद्यकाच्या इतिहासांत एक गोष्ट पुनः पुनः घडलेली दिसते. एका मृत्यूचें दार मोठ्या कष्टानें बंद करावें, तों त्याच्याच शेजारचें दुसरें दार आपोआप उघडतें. जो रोग मनुष्याला आठ-पंधरा दिवसांत नेत होता त्याला आवर बसला, कीं त्याच्या आड दडलेला दुसरा रोग पुढें येतो आणि आपला वांटा मागूं लागतो. हा दुसरा रोग ओळखावा म्हणून नवीं साधनें निघतात, आणि कधीं कधीं त्या साधनांतूनच तिसरें संकट उभें राहतें. मूत्रपिंडें निकामी झालेल्या रोग्यांची सुमारें दोनशें वर्षांची कथा याच प्रकारची आहे. तींत रक्त धुणारें एक यंत्र आहे, त्या यंत्रानें वांचविलेल्या माणसांचें थकलेलें हृदय आहे, आणि त्या हृदयाचें चित्र काढावयास निघालेल्या शास्त्राची एक मोठी चूक व तिची दुरुस्तीहि आहे.

मूत्रपिंड आणि हृदय यांचें नातें प्रथम स्पष्टपणें दाखविलें तें लंडनच्या गायज् रुग्णालयांतील डॉ. रिचर्ड ब्राइट यांनीं. ज्यांच्या मूत्रांतून अल्ब्युमिन, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या भागासारखें तापविल्यावर गोठणारें द्रव्य, जात असे अशा शंभर रोग्यांच्या शवतपासणीचें कोष्टक त्यांनीं १८३६ सालीं प्रसिद्ध केलें. रोग मूत्रपिंडांचा, पण पुष्कळ शवांत हृदय वाढलेलें व त्याची डावी भिंत जाड झालेली आढळली. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचें साधन त्या काळीं नव्हतें. तें इटलींत रिव्हा-रोची यांनीं १८९६ सालीं काढलें. तरीहि ब्राइट यांनीं तर्क बांधला कीं, बिघडलेलें रक्त एक तर हृदयाला अधिक चेतवीत असावें, किंवा अगदीं बारीक रक्तवाहिन्यांतून तें सहजासहजीं जात नसल्यामुळें हृदयाला जास्त जोर करावा लागत असावा. या तर्काचा उत्तरार्ध सत्याच्या फार जवळ होता. परंतु त्या वेळीं असे रोगी मूत्रपिंडांच्या विकारानेंच इतके लवकर दगावत कीं, त्यांच्या हृदयाची वेगळी चिंता करण्याची पाळीच येत नसे.

रक्तांतील मळ देहाबाहेर काढतां येईल काय, या प्रश्नाचें बीज रसायनशाळेंत पडलें. स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ टॉमस ग्रॅहॅम यांनीं १८६१ सालीं दाखविलें कीं, चर्मपत्रासारख्या कागदाच्या पडद्यांतून क्षार व युरिया यांसारखे लहान कण पार होतात आणि सरसासारखीं जड द्रव्यें अलीकडेच राहतात. या क्रियेला त्यांनीं डायलिसिस हें नांव दिलें. १९१३ सालीं बाल्टिमोर येथें एबल, राउंट्री व टर्नर या तिघांनीं जिवंत प्राण्यांचें रक्त अशाच पडद्याच्या नळ्यांतून खेळवून परत त्यांच्या अंगांत सोडलें. रक्त गोठूं नये म्हणून जळवांच्या डोक्यांतून काढलेलें हिरुडिन त्यांना वापरावें लागलें. १९२४ सालीं जर्मनींतील गीसेन येथें गेऑर्ग हास यांनीं हा प्रयोग प्रथम मनुष्यावर केला. परंतु यांपैकीं कोणत्याहि प्रयत्नानें रोग्याचा प्राण वांचला नाहीं.

खरोखर काम देणारें यंत्र निघालें तें महायुद्धाच्या धामधुमींत. १९३८ च्या सुमारास हॉलंडमधील ग्रोनिंगेन येथें व्हिलेम कोल्फ या तरुण डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत एका शेतकरी कुटुंबांतील तरुण मुलगा मूत्रपिंडें बंद पडून गेला. त्या दुर्दैवी मुलाच्या रक्तांतून दररोज थोडासा युरिया जरी काढतां आला असता तरी तो जगला असता, हा विचार कोल्फ यांच्या मनांतून जाईना. पुढें जर्मनांनीं देश व्यापल्यावर ते कांपेन या लहान गांवीं गेले आणि तेथें मिळेल त्या सामानानें त्यांनीं आपलें यंत्र उभें केलें. लांकडी पट्ट्यांचें एक आडवें पिंप, त्याभोंवतीं गुंडाळलेली सेलोफेनची लांबलचक नळी — मांसाचे सॉसेज भरण्यासाठीं खाटीक जी वापरीत तीच — आणि खालीं क्षारयुक्त पाण्यानें भरलेलें एनॅमलचें पात्र. पिंप फिरे, नळींतील रक्त पाण्यांतून जाई, आणि मळ पाण्यांत उतरे. १९४३ सालीं या यंत्रावर पहिला रोगी घेतला गेला. त्यानंतरच्या अडीच वर्षांत जवळजवळ सर्वच रोगी दगावले. अखेरीस सप्टेंबर १९४५ मध्यें ६७ वर्षांची एक बेशुद्ध स्त्री या यंत्राच्या साहाय्यानें शुद्धीवर आली, तिचीं मूत्रपिंडें पुन्हां कामाला लागलीं, आणि ती पुढें कांहीं वर्षें जगली.

कोल्फ यांचें यंत्र रोग्याला चार-आठ दिवसांची अडचण पार करून देई. पण ज्याचीं मूत्रपिंडें कायमचीं गेलीं त्याला त्याचा उपयोग नव्हता. प्रत्येक वेळीं रोहिणी व नीला, म्हणजे रक्त नेणारी व रक्त आणणारी वाहिनी, नव्यानें कापून उघडावी लागे आणि थोड्याच वेळां तसें केल्यावर हातापायांत जागाच उरत नसे. ही अडचण सोडविली अमेरिकेंतील सिॲटल येथील डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनीं. टेफ्लॉन या, ज्याला कांहींच चिकटत नाहीं अशा, नव्या पदार्थाची वाकडी नळी त्यांनीं रोग्याच्या हातांतील रोहिणी व नीला यांच्या दरम्यान कायमची बसविली. ९ मार्च १९६० रोजीं क्लाइड शील्ड्स या एकोणचाळीस वर्षांच्या यंत्रकामगाराला ती बसविण्यांत आली, आणि जो रोगी थोड्या दिवसांचा सोबती मानला गेला होता तो दर आठवड्यास यंत्रावर येऊन घरीं परत जाऊं लागला. १९६६ सालीं न्यू यॉर्कमध्यें ब्रेशिया, चिमिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं रोहिणी व नीला एकमेकींस जोडून देण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तेव्हांपासून बाहेरच्या नळीचीहि जरुरी राहिली नाहीं.

यंत्रें थोडीं आणि मरणोन्मुख माणसें पुष्कळ, अशी स्थिति आरंभीं होती. सिॲटल येथें जानेवारी १९६२ मध्यें जें डायलिसिसचें केंद्र निघालें त्याच्यासाठीं कोणाला घ्यावें व कोणाला घेऊं नये हें ठरविण्याचें काम सात नागरिकांच्या एका मंडळाकडे दिलेलें होतें. एकाला यंत्र मिळे, दुसऱ्याला मरण मिळे. ही हकीकत त्याच वर्षीं लाइफ साप्ताहिकांत छापून आली तेव्हां साऱ्या अमेरिकेंत खळबळ उडाली. १९७२ सालीं तेथील कायद्यानें बहुतेक अशा रोग्यांचा खर्च सरकारनें उचलला आणि त्या मंडळाचें भीषण कर्तव्य संपलें.

क्लाइड शील्ड्स यंत्राच्या आधारानें अकरा वर्षें जगले. १९७१ सालीं ते मरण पावले. पण मूत्रपिंडांच्या विकारानें नव्हे, हृदयविकाराच्या झटक्यानें.

हा योगायोग नव्हता. स्क्रिब्नर व त्यांचे सहकारी लिंडनर, शारा आणि शेरार्ड यांनीं आपल्या ३९ रोग्यांची हकीकत १९७४ सालीं प्रसिद्ध केली. तेरा वर्षांच्या अवधीअखेर २३ रोगी मरण पावले होते, आणि त्यांतील १४ जणांचा मृत्यु रोहिण्या कठीण होण्याच्या विकारानें झालेला होता. आठ हृदयाच्या झटक्यानें गेले, तिघे मेंदूंतील आघातानें, तिघांचें हृदय थकून गेलें. ज्या माणसांना यंत्रानें परत आणलें होतें त्यांच्या रक्तवाहिन्या जणूं घाईनें म्हाताऱ्या होत होत्या. पुढें १९९८ सालीं फोली, पार्फ्री व सार्नाक यांनीं आंकडे मांडून दाखविलें कीं, डायलिसिसवरील रोग्यांत हृदय व रक्तवाहिन्या यांच्या विकारांनीं होणारे मृत्यु सामान्य लोकांपेक्षां दहा ते वीस पटींनीं अधिक आहेत, आणि तरुण रोग्यांत तर ही तफावत याहूनहि कितीतरी मोठी आहे.

असें कां व्हावें? मूत्रपिंड म्हणजे केवळ चाळणी नव्हे. तें रात्रंदिवस काम करतें. यंत्र बहुधा आठवड्यांतून तीनदां, सुमारें चार चार तास काम करतें. मधल्या वेळांत अंगांत पाणी सांचतें, रक्तदाब चढतो, पोटॅशियम वाढतें; आणि यंत्रावर बसल्यावर तेंच पाणी चार तासांत ओढून काढलें जातें. ही भरती-ओहोटी हृदयाला सोसावी लागते. १९९५ सालीं कॅनडांतील डॉक्टरांनीं डायलिसिस सुरू करणाऱ्या रोग्यांचीं हृदयें तपासलीं, तों सुमारें तीनचतुर्थांश जणांच्या हृदयाची डावी भिंत आधींच जाड झालेली होती. ब्राइट यांनीं शवांत जें पाहिलें तेंच येथें जिवंत माणसांत दिसलें. दोन दिवसांचा खंड पडला कीं त्याच्या अखेरीस मृत्यु व हृदयाचे उपद्रव वाढतात, हेंहि २०११ सालीं अमेरिकेंतील मोठ्या पाहणींत सिद्ध झालें.

याशिवाय चुन्याचा प्रश्न आहे. मूत्रपिंडें गेलीं कीं फॉस्फरस बाहेर पडत नाहीं, हाडांचा व्यवहार बिघडतो, आणि जो चुना हाडांत असावयाचा तो रोहिण्यांच्या भिंतींत बसूं लागतो. २००० सालीं गुडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ३९ तरुण रोग्यांच्या हृदयाचें अतिवेगवान सी. टी. यंत्रानें चित्रण केलें. वीस वर्षांखालील तेवीस जणांपैकीं एकाच्याहि हृदयाच्या रोहिण्यांत चुना आढळला नाहीं. पण वीस ते तीस वर्षांच्या सोळा जणांपैकीं चौदा जणांत तो आढळला. ज्या वयांत मनुष्य संसार थाटतो त्या वयांत या तरुणांच्या रोहिण्या वृद्धाच्या झाल्या होत्या. म्हणूनच इतरांना उपयोगी पडणारीं औषधें येथें नेहमींसारखीं लागू पडत नाहींत. रक्तांतील मेद उतरविणाऱ्या स्टॅटिन जातीच्या औषधांच्या दोन मोठ्या परीक्षा डायलिसिसच्या रोग्यांवर झाल्या. एक जर्मनींत १,२५५ मधुमेही रोग्यांवर, जिचा निकाल २००५ सालीं लागला. दुसरी निरनिराळ्या देशांतील २,७७६ रोग्यांवर, जिचा निकाल २००९ सालीं लागला. मेद उतरला, पण झटके व मृत्यु म्हणण्यासारखे कमी झाले नाहींत.

तेव्हां अशा हृदयाच्या आंत डोकावून पाहण्याची गरज उघड होती. देहाच्या आंत पाहण्याची विद्या १८९५ च्या नोव्हेंबरांत राँटगेन यांनीं क्ष-किरण शोधले तेव्हां जन्मली. पण क्ष-किरणांना हाडें दिसतात, रक्त दिसत नाहीं. रक्ताची वाट दिसावयाची तर त्यांत छाया पाडणारें कांहीं द्रव्य मिसळावें लागतें. १९२९ सालीं बर्लिनमध्यें मोझेस स्विक या तरुण अमेरिकन डॉक्टरांच्या प्रयत्नानें आयोडीनयुक्त असें एक छायाद्रव्य प्रचारांत आलें. तें शिरेंतून दिलें कीं मूत्रपिंडें तें वेंचून बाहेर टाकीत आणि मूत्रमार्गाचें चित्र उमटे. मूत्रपिंडांतून बाहेर पडणें हा त्या द्रव्याचा गुण होता. हाच गुण पुढें मूत्रपिंडें नसलेल्यांच्या बाबतींत विचाराचा विषय व्हावयाचा होता.

त्याच वर्षीं जर्मनींतील एबर्सवाल्डे येथें व्हेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरांनीं आपल्याच हाताच्या नीलेंतून एक बारीक नळी थेट हृदयापर्यंत सरकविली, आणि तशाच स्थितींत क्ष-किरणांच्या खोलीकडे चालत जाऊन तिचें छायाचित्र घेतलें. वरिष्ठांकडून त्यांना बोलणीं खावीं लागलीं. १९५६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. ३० ऑक्टोबर १९५८ रोजीं क्लीव्हलंड येथें मेसन सोन्स हे एका रोग्याच्या महारोहिणींत छायाद्रव्य सोडीत असतां नळीचें टोंक चुकून हृदयाच्या उजव्या रोहिणींत शिरलें. आतां हा रोगी दगावणार असें त्यांना वाटलें. हृदय क्षणभर थांबलें. त्यांनीं रोग्यास खोकावयास सांगितलें, आणि तें पुन्हां चालूं लागलें. या अपघातांतून हृदयाच्या रोहिण्यांचें चित्र काढण्याची विद्या निघाली.

आयोडीनच्या द्रव्यांत मात्र एक दोष होता. दुखऱ्या मूत्रपिंडांना त्यांच्यामुळें आणखी इजा होण्याचें भय असे. स्वीडनमधील टॉर्स्टन आल्मेन यांच्या १९६९ सालच्या कल्पनेवरून पुढें अधिक सौम्य द्रव्यें निघालीं, तरी डॉक्टरांच्या मनांतील ही भीति गेली नाहीं. अशा वेळीं दुसरीच एक वाट उघडली. १९७३ सालीं पॉल लॉटरबर यांनीं चुंबकाच्या साहाय्यानें, क्ष-किरणांशिवाय, प्रतिमा उमटविण्याची रीत प्रसिद्ध केली. तिचेंच पुढें एम्. आर्. आय्. झालें. तिच्यासाठीं छायाद्रव्य म्हणून गॅडोलिनियम या धातूची निवड झाली. हा धातु मोकळा असतां विषारी असतो. म्हणून त्याला एका सेंद्रिय रेणूच्या पिंजऱ्यांत कोंडून शिरेंत सोडीत. १९८८ सालीं असें पहिलें औषध बाजारांत आलें. निरोगी देहांत त्याचा निम्मा भाग दीड-दोन तासांत मूत्रावाटें निघून जाई. आयोडीनसारखी इजा नाहीं, क्ष-किरण नाहींत! १९९० नंतरच्या दशकांत मूत्रपिंडाच्या रोग्यांसाठीं हेंच सुरक्षित असें पुष्कळांनीं मानलें, आणि रक्तवाहिन्यांचें चित्र ठळक उमटावें म्हणून त्याची मात्रा दुप्पट-तिप्पटहि दिली जाऊं लागली.

१९९७ सालापासून कॅलिफोर्नियांत मूत्रपिंडाच्या कांहीं रोग्यांना एक विलक्षण व्याधि होऊं लागली. हातापायांची त्वचा जाड व लांकडासारखी टणक होई, सांधे आंखडत, आणि कालपर्यंत चालणारा मनुष्य चाकांच्या खुर्चीला खिळे. कांहींच्या तर हृदयाच्या व फुप्फुसांच्या आंतहि तसाच कठीण तंतु माजलेला आढळला. २००० सालीं डॉ. शॉन काउपर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा १५ रोग्यांचें वर्णन लॅन्सेट या नियतकालिकांत छापलें आणि ही नवीच व्याधि असल्याचें सांगितलें. पण कारण कोणालाच उमगेना. संशय पुष्कळांवर गेला. छायाद्रव्यावर मात्र सहसा कोणाचाच गेला नाहीं, कारण तें निरुपद्रवी म्हणूनच तर निवडलेलें होतें.

उत्तर आलें ऑस्ट्रियांतून. डॉ. टॉमास ग्रोबनर यांच्या नऊ रोग्यांची एम्. आर्. आय्. तपासणी गॅडोलिनियम देऊन झाली होती; त्यांपैकीं पांच जणांना थोड्याच आठवड्यांत ही व्याधि झाली. जानेवारी २००६ मध्यें त्यांनीं आपला संशय छापून मोकळा केला. त्याच वर्षीं डेन्मार्कमधून मार्कमान यांनीं १३ रोग्यांची हकीकत दिली. तेराच्या तेरा जणांना गॅडोडायमाइड हें गॅडोलिनियमचें औषध दिलेलें होतें. पुढच्या वर्षीं रोग्यांच्या त्वचेंत प्रत्यक्ष हा धातु सांपडला आणि शंकेला जागा उरली नाहीं.

घडलें होतें तें असें. मूत्रपिंडें नसलेल्या देहांत त्या औषधाचा निम्मा भाग जाण्यास दीड तासाऐवजीं तीस तासांहून अधिक काळ लागे. इतका वेळ रक्तांत फिरतांना पिंजऱ्याची परीक्षा होई. कांहीं औषधांत हा पिंजरा उघड्या टोंकांच्या सांखळीसारखा होता. त्यांतून धातु निसटे आणि तंतु वाढविणाऱ्या पेशींना चेतवी. दुसऱ्या कांहीं औषधांत तो बंद वळ्यासारखा होता. त्यांतून धातु सहसा निसटत नसे. म्हणजे जी गोष्ट निरोगी मनुष्याच्या बाबतींत कधीं कळलीच नसती ती मूत्रपिंडें नसलेल्या देहानें उघडी केली.

अमेरिकेच्या औषधनियंत्रण खात्यानें जून २००६ मध्यें सूचना दिली, मे २००७ मध्यें सर्व गॅडोलिनियम-औषधांवर ठळक इशारा छापावयास लावला, आणि २०१० सालीं सांखळीच्या जातीचीं तीन औषधें अशा रोग्यांना वर्ज्य ठरविलीं. युरोपांत २०१७ सालीं त्या जातीच्या बहुतेक औषधांचा परवानाच स्थगित झाला. या बंधनांचें फळ लवकर दिसलें. नवे रोगी जवळजवळ दिसेनासे झाले. औषधानें निर्माण केलेली एक व्याधि दहा-बारा वर्षांत उगवावी आणि केवळ सावधगिरीनें मावळावी, अशीं उदाहरणें वैद्यकांत फार थोडीं आहेत.

परंतु भीतीलाहि मात्रा असावी लागते. एकदां तोंड पोळलेला मनुष्य ताकहि फुंकून पितो, तसें झालें. ज्या रोग्यांना एम्. आर्. आय्. ची खरोखर गरज होती त्यांनाहि ती नाकारली जाऊं लागली, आणि न झालेल्या तपासणीमुळें होणारी हानि कोणत्याच कोष्टकांत उमटत नाहीं. २०२० सालीं सुधारलेल्या औषधांच्या अनेक पाहण्या एकत्र केल्या गेल्या. मूत्रपिंडें फार बिघडलेल्या ४,९३१ रोग्यांत ही व्याधि एकालाहि झालेली नव्हती. त्याच सुमारास अमेरिकेंतील क्ष-किरणतज्ज्ञ व मूत्रपिंडतज्ज्ञ यांच्या संस्थांनीं एकत्र येऊन सांगितलें कीं, गरज असेल तर हीं औषधें डायलिसिसच्या रोग्यांनाहि देतां येतील. शक्य तर तपासणी ठरलेल्या डायलिसिसच्या थोडी आधीं करावी, म्हणजे औषध लवकर धुवून निघेल.

या सर्व गडबडींत एक जुनें साधन मुकाट्यानें आपलें काम करीत राहिलें. १९५३ सालीं स्वीडनमधील लुंड येथें एडलर व हर्ट्झ या दोघांनीं, जहाजांच्या कारखान्यांत पोलादांतील चिरा शोधण्यासाठीं वापरीत तें ध्वनियंत्र मागून आणून, हृदयाच्या हालचालीचा प्रतिध्वनि टिपला. त्यांतूनच इकोची तपासणी निघाली. तिला किरण लागत नाहींत, छायाद्रव्य लागत नाहीं. डायलिसिसच्या रोग्याचें हृदय पाहण्यास आरंभ बहुधा याच साधनानें होतो. फक्त अंगांत पाणी सांचलेलें असतां काढलेलें चित्र फसवें ठरतें, म्हणून तें डायलिसिसनंतर काढणें बरें.

आणि चित्र काढलें म्हणजे रोग बरा झाला असें नव्हे, हाहि धडा नुकताच मिळाला. ज्यांच्या हृदयाला रक्त कमी पडत आहे असें तपासणींत दिसून आलें अशा, मूत्रपिंडें फार बिघडलेल्या ७७७ रोग्यांची परीक्षा २०२० सालीं प्रसिद्ध झाली. त्यांतील निम्म्याहून अधिक डायलिसिसवर होते. कांहींना आरंभींच नळी घालून रोहिण्या मोकळ्या करण्याचा उपाय केला, कांहींना प्रथम औषधांवर ठेवलें. मृत्यु किंवा झटका यांच्या बाबतींत दोन्ही गटांत फरक आढळला नाहीं. तेव्हां अशा रोग्याच्या घरीं तपासणीचा प्रश्न निघाला, तर दोन गोष्टी विचारून घ्याव्या: जें औषध शिरेंतून देणार तें कोणत्या जातीचें, आणि चित्रांत जें दिसेल त्यावरून पुढें वेगळें कांहीं करावयाचें आहे काय. पहिल्या प्रश्नाचें उत्तर आज चांगलें मिळतें. दुसरा अजूनहि प्रत्येक रोग्याबरोबर नव्यानेंच सोडवावा लागतो.